चक्रीशेजारचा शब्द

प्रवासाला निघताना माणसं वळकटी, तांब्या आणि फराळाचा डबा घेतात. मी एक रेडिओ घेतला, आणि तो कुठं आपटेल या धास्तीत वळकटी पुण्याच्या फलाटावरच विसरलो. मी जन्माचा भित्रा आहे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढं वाचताना 'तेव्हाच काहून बोलला नाहीत' असं कोणी विचारणार नाही. हा 'काहून' मी तिकडूनच आणला. आमच्याकडे त्याला 'का' म्हणतात.

पुण्याजवळच्या एका रेडिओच्या कारखान्यात मी नमुनाकार आहे. रेडिओच्या पोटात काय भरायचं ते इंजिनियर बघतात. तो बाहेरून कसा दिसावा, हातात कसा बसावा, बटण कुठं असावं, हे आमचं खातं ठरवतं. आधी कागदावर चित्र, मग प्लॅस्टरचा ठोकळा, मग आत खरा रेडिओ बसवलेला लाकडाचा हुबेहूब नमुना, आणि सगळ्यांनी माना डोलावल्या की पोलादी साचा. साचा एकदा कोरला की त्यातली वेलांटीसुद्धा बदलता येत नाही. खेड्यातल्या घरांसाठी जो छोटा ट्रान्झिस्टर निघायचा होता, त्याचं रूप माझं. पुढून तो अगदी कोरा, एकही बटण नाही. उजव्या कुशीत एक चक्री. ती वर फिरवली की रेडिओ सुरू होतो आणि आवाज मोठा होत जातो. खाली शेवटपर्यंत नेली की 'टक्' होऊन बंद. चक्रीशेजारी मी स्वतःच्या हातानं एक बाण आणि एकच शब्द रंगवला होता: 'वाढवा'. त्या शब्दावर मी फार खूष होतो.

"साचा टाकायच्या आधी एखाद्या खेड्यात आठवडाभर राहून या," आमचे साहेब म्हणाले. "कुणाला विचारू नका, कुणाला शिकवू नका. चक्रीला तर तुम्ही बोटही लावायचं नाही. नुसते त्यांचे हात बघा."

"पण साहेब, पाकिस्तानशी लढाई चालू आहे."

"लढाई पंजाबात आहे. तुम्ही यवतमाळला चाललाय."

यवतमाळ

मूर्तिजापूरला मोठी गाडी सोडून यवतमाळच्या छोट्या गाडीत बसलो. ती इतकी सावकाश जाते की एक म्हातारा उतरून, आडोशाला जाऊन पुन्हा येऊन बसला. दोन्ही बाजूंना कपाशी फुलावर आलेली, मधूनमधून ज्वारी, काळी ओली जमीन. माझं लक्ष मांडीवरच्या खोक्यात. नमुना जगात एकच होता आणि तो माझ्याकडे होता.

यवतमाळच्या फलाटावर हवालदारानं अडवलं. खोकं उघडायला लावलं. रेडिओवर ना कंपनीचं नाव, ना नंबर, आणि रेडिओ बाळगायचं लायसन तर नाहीच. हेर पॅराशूटनं उतरतात अशा वावड्या तेव्हा गावोगाव उठल्या होत्या. माझी पाचावर धारण बसली. कारखान्याचं पत्र इंग्रजीत होतं, ते त्यानं उलटंसुलटं करून पाहिलं.

"कुठचा हाय हा?"

"पुण्याचा."

"रेडू का तुमी?"

"दोघंही."

"वाजवून दाखवा."

चक्रीला हात लावायचा नाही, हा साहेबांचा हुकूम या घाईतही मला आठवला. मी रेडिओ त्याच्याच हातात दिला. त्यानं इकडून तिकडून चाचपला, अंगठा आपोआप चक्रीवर गेला आणि गाणं लागलं. तो हसला. मी वहीत पहिली नोंद केली: 'हवालदार. अंगठा. लगेच सापडली.'

कळंब

यष्टीनं कळंबला उतरलो. चिंतामणीच्या देवळात खाली पायऱ्या उतरून जावं लागतं. आमच्याकडे देव टेकडीवर, इथं जमिनीच्या पोटात. गार, ओलसर अंधार, खाली कुंड. मी गणपतीजवळ एवढंच मागितलं की नमुना धड परत जाऊ दे. दुसरं कुणासाठी काही मागायचं सुचलं नाही.

देवळाबाहेर मास्तर वाट पाहत होते. आमच्या एका विक्रेत्याच्या ओळखीनं त्यांनीच माझी सोय लावली होती. शाळामास्तर, आवाज खणखणीत. ज्यांच्या घरी उतरायचं ते नथ्थूजी बैलगाडी घेऊन आले होते. पोळा होऊन गेलेला, बैलांच्या शिंगांवर रंग तसाच होता. गाव तिथून दोन कोसांवर. त्याचं नाव मी लिहीत नाही.

नाला ओलांडला. मग नथ्थूजी बैलांकडे बघतच म्हणाले, "साहेब, येक सांगाचं हाय. पोरगा माहा, देविदास, लढाईवर हाय. सून आठव्यात हाय. तिले वाटते नवरा पुण्याले डेपोत हाय. तिले समजू देऊ नोका."

मी घाईनं म्हणालो, "मग नथ्थूजी, तुमच्या घरी रेडिओ नकोच. मी शाळेत उतरतो."

"नाही जी. मले आयकाचं हाय. आयकल्याबिगर मले जेवन जात नाही. हळू लावू, सून तिकडं पान्याले गेली का लावू. माही घरवाली बसते ना दारात पहाऱ्यावर."

म्हणजे त्या घरात बोलणारी एकच वस्तू होती आणि ती मी घेऊन चाललो होतो. 'आ बैल मला मार' म्हणतात ते हेच. उतरून मागे पळावंसं वाटलं. पण मागे नाला होता आणि मला पोहता येत नाही.

गाव

नथ्थूजींचं घर शेणानं सारवलेलं, पुढं ओसरी, ओसरीच्या भिंतीत कोनाडा. जेवायला ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी आणि वर कच्च्या तेलाची धार. ठेच्यानं माझ्या डोळ्यांतून पाणी आलं तेव्हा नथ्थूजींच्या घरच्या, अनसूयाबाई, म्हणाल्या, "पुन्याचे लोक तिखट खातच नाही काय, बाप्पा?" एवढं हसून बोललेल्या त्या मला पुन्हा दिसल्या नाहीत.

पहिल्याच दिवशी माझी फजिती झाली. पाहुणा कशाला आला असं कुणीतरी विचारलं आणि मी सरळ सांगितलं, "हात बघायला." संध्याकाळपर्यंत ओसरीपुढं रांग. जो तो तळवा पुढं करतोय. कुणाला विहिरीला पाणी लागेल का विचारायचंय, कुणाला पोरीचं लग्न. मी जीव तोडून सांगतोय की मी रेडिओवर पडणारे हात बघतो, नशीब नाही. लोक हसले आणि गेले. शेवटी अनसूयाबाई आल्या. कुणी नाही असं पाहून त्यांनी तळवा माझ्यासमोर धरला आणि हळूच विचारलं, "पोराचं पाहा ना, भाऊ. येते ना वापस?"

मला काही दिसत नाही, हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी हात मागे घेतला. मला वाटलं, त्यांना तेच उत्तर वाटलं असावं.

सुनेचं नाव शेवंता. ती माझ्यासमोर येत नसे. दुसऱ्या दिवशी दुपारी दाराआडून तिचा आवाज आला.

"भाऊ, तुमी पुन्याचे ना? थो डेपो कुठीसा हाय तिथं?"

"गावाबाहेर आहे."

"चांगला हाय काय?"

"हो. मोठा आहे. भीती नाही तिथं कसली."

"मंग कागद काहून येत नाही त्याह्यचा?"

"लढाईमुळं टपाल उशिरा येतं," मी म्हणालो. मला खोटं बोलता येत नाही असं माझी बायको म्हणते, पण त्या दिवशी ते फार सफाईनं आलं.

मी माझं काम करत राहिलो. काय करणार? चूक दिसायला वेळ लागला नाही. रेडिओ कोनाड्यात ठेवला की उजवी कूस भिंतीला टेकते आणि चक्री फिरवायला बोट शिरत नाही. दरवेळी तो बाहेर ओढावा लागे. कारखान्यात आमची टेबलं मोकळी असतात, कोनाडा कुणाच्या डोक्यातच आला नव्हता. अनसूयाबाईंनी त्याला हळदकुंकू लावलं, ते आवाजाच्या जाळीत गेलं. हे सगळं मी लिहून घेतलं.

आणखी एक गोष्ट लिहिली. सकाळच्या बातम्या लागल्या की नथ्थूजी कान लावून बसायचे. अनसूयाबाई स्वयंपाकघराच्या दारात. थोड्या वेळानं त्या आत बघून म्हणायच्या, "अवो, वाढवा ते आता." आणि नथ्थूजी चक्री खाली नेऊन रेडिओ बंद करायचे. तीन दिवस हेच. बाई बिचारी वाढवा म्हणते, आणि नवरा बंद करतो. मला त्यांचा राग आला. आमच्याकडेही पुरुष बायकांचं ऐकत नाहीत, पण निदान तोंडदेखलं काहीतरी उत्तर देतात. मी वहीत लिहिलं: 'स्त्रियांना आवाज कमी पडतो. कर्णा मोठा हवा.'

चौथ्या दिवशी सकाळी नथ्थूजींना बैलांसाठी ढेप आणायला कळंबला जायचं होतं. रेडिओ लावून देऊन ते अंगणात बैल जुंपायला गेले. मास्तर शाळेत जाता जाता बातम्यांसाठी थांबले आणि बैलांपाशी जाऊन त्यांच्याशी बोलत उभे राहिले. ओसरीवर मी एकटा. सियालकोटकडं जोराची लढाई चालू असल्याचं निवेदक सांगत होता. तेवढ्यात मागच्या दारी कडी वाजली. शेवंता पाणी घेऊन आली होती, हे मला मागाहून कळलं.

"भाऊ, वाढवा जी," अनसूयाबाई म्हणाल्या.

मला साहेबांचा हुकूम आठवला. मी नथ्थूजींकडे बघितलं. त्यांचे दोन्ही हात जुवावर होते.

"वाढवा ना, भाऊ. वाढवा लवकर."

मला वाटलं, ही आई आहे, हिच्या पोराची बातमी असेल, आणि हिला कोणी ऐकू देत नाही. चार दिवसांत पहिल्यांदा मी चक्रीला हात लावला आणि बाण दाखवतो तिकडे, शेवटपर्यंत फिरवली.

निवेदकाचा आवाज अंगणभर झाला. अनसूयाबाईंनी तोंडावर हात घेतला. मी मूर्खासारखी मान हलवली, 'आता येतंय ना ऐकू?' म्हणून. अंगणात मास्तर नथ्थूजींना काहीतरी हळूच विचारत होते. त्या गोंगाटात नथ्थूजींना ते कळेना. तेव्हा मास्तरांनी वर्गातला आवाज काढला.

"म्या म्हनलं, त्या तारेचं पुढं काही समजलं काय? देविदासचा पत्ता लागला काय?"

अनसूयाबाईंनी धावत येऊन रेडिओवर पदर दाबला. पण वाक्य पोचलं होतं. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात शेवंता उभी होती, कमरेवर घागर.

"कोनती तार?" तिनं विचारलं.

मी मास्तरांकडे पाहिलं. तार आल्याचं मलाही तेव्हाच कळत होतं. नथ्थूजी आत गेले, देवाच्या पाटाखालून कागद काढून आणला आणि मास्तरांच्या हाती दिला. मास्तरांनी मराठी करून वाचलं: शिपाई देविदास लढाईत बेपत्ता. तार येऊन सहा दिवस झाले होते.

मला वाटलं, ही आता पडणार. मी भिंत धरली, जणू पडणारा मीच होतो. तिनं घागर खाली ठेवली, सावकाश, आणि अंगणात येऊन जुंपलेल्या गाडीत चढून बसली.

"मले यवतमाळले न्या. कचेरीत विचारतो मी."

"आठव्यात हायेस, पोरी," अनसूयाबाई म्हणाल्या. "रस्ता पायलास काय?"

"नाही नेत तं पायी जातो."

वाटेवर

गाडीत अनसूयाबाई, शेवंता आणि मी. मी कशाला गेलो? त्या घरात मागे थांबायची माझी छाती झाली नाही. रेडिओ बंद करून मांडीवर धरला होता. रस्त्यात चाकाएवढे खड्डे, प्रत्येक धक्क्याला अनसूयाबाईंचा हात सुनेच्या पोटाकडे जायचा आणि माझे डोळे मिटायचे. आठव्या महिन्याचं मूल जगत नाही असं माझी आई म्हणायची. ते वाक्य डोक्यातून हटेना.

नाल्यात उतरताना एक चाक दगडावरून घसरलं. शेवंतानं गाडीचा खुंटा घट्ट धरला आणि तिच्या हातातली एक बांगडी कडकन गेली. दोन तुकडे गवतात पडले. नथ्थूजींनी बैल थांबवले.

"वाढवली, माय," अनसूयाबाई म्हणाल्या. "वाढवली म्हन." त्या खाली उतरून गवतात तुकडे शोधू लागल्या.

आणि मला उमगलं. बांगडी फुटली म्हणायचं नसतं, वाढवली म्हणायचं. आमच्या कोपऱ्यावरचा वाणी रोज फळ्या लावताना 'दुकान वाढवतो' म्हणतो. माझी आई देवापुढचा दिवा कधी विझवत नसे, वाढवत असे. जन्मभर हे कानावरून गेलेलं, आणि मी रंगाची कुंचली हातात घेतली तेव्हा एकदाही आठवलं नाही. ज्या घरचा पोरगा लढाईवर, त्या घरात 'बंद करा' कोण म्हणेल? तीन दिवस ती बाई नवऱ्याला रेडिओ बंद करायला सांगत होती. चौथ्या दिवशी मला सांगितलं.

"मावशी, मला वाटलं, तुम्ही आवाज..." मी बोलायला लागलो.

"आता कायले सांगता, भाऊ," त्या म्हणाल्या.

शेवंता मनगटाकडे बघत होती. "येकच वाढवली, आत्याबाई," ती म्हणाली. "बाकीच्या हायेत. मामाजी, बैल हाना."

नाला ओलांडल्यावर ती पहिल्यांदा सरळ माझ्याकडे बघून बोलली. "तुमी बी खोटं सांगतलं."

"हो," मी म्हणालो.

"लावा ते. आता कोनापासून लपवाचं हाय?"

मी लावला. गाणी चालू होती. कळंबपर्यंत ती ऐकत बसली. एक गाणं संपून दुसरं सुरू होईपर्यंत जो थोडा वेळ जायचा, त्यात माझा जीव जायचा.

पुन्हा यवतमाळ

कचेरीतल्या कारकुनानं खुर्ची दिली, पाणी दिलं, कागद चाळले. नवीन काही नव्हतं. शेवंतानं तार त्याच्यापुढं ठेवली.

"पुन्हा वाचा. मेला असं लिवलं काय यात?"

"नाही, बाई."

"मंग काय लिवलं?"

"सापडत नाही, असं."

"मंग सापडन," ती म्हणाली आणि तार घडी करून स्वतःच्या कमरेला खोचली. नथ्थूजी भिंतीकडे तोंड करून रडत होते. नथ्थूजी, अनसूयाबाई आणि मास्तर, तिघांनी मिळून सहा दिवस जे तिच्यापासून लपवलं, ते तिनं एकटीनं उचललं. घाबरलो होतो ते आम्ही.

मी तिथूनच परतायचं ठरवलं. तीन दिवस बाकी होते, पण त्या ओसरीवर वही घेऊन बसणं मला शक्य नव्हतं. निरोप घेताना शेवंतानं रेडिओकडे बोट दाखवलं.

"भाऊ, हे ठेवून जा. बातम्या आयकतो रोज."

नमुना एकच होता. साहेब, साचा, माझी नोकरी, सगळं एकदम डोळ्यांपुढं उभं राहिलं. "हा कारखान्याचा आहे," मी म्हणालो. "नवा निघाला की लगेच पाठवतो."

"बरं," ती म्हणाली. तिनं पुन्हा मागितला नाही. मी भ्यालो, दुसरं काही कारण नव्हतं. छोट्या गाडीत तो मांडीवर होता आणि मूर्तिजापूरपर्यंत मी तो लावला नाही.

पुण्यात साहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी नमुना हातात घेऊन तो शब्द वाचला. मग म्हणाले, "आमच्याही घरी दिवा वाढवतातच की." 'वाढवा' गेला. चक्री कुशीतून समोर आली, शेजारी बारीकपासून जाड होत जाणारी नुसती रेघ, आणि बंदच्या जागी लाल ठिपका. साचा टाकला. पहिल्या पेटीतला एक रेडिओ मी त्या गावी पाठवला, तेव्हा दिवाळी होऊन बरेच दिवस झाले होते.

मास्तरांचं कार्ड आलं. शेवंतास मुलगी झाली, दोघी खुशाल. देविदासचा ठावठिकाणा नाही. रेडिओ पोचला. सकाळ-संध्याकाळ बातम्यांना शेवंताच लावते. मात्र सेल लवकर उतरतात, आणि आपल्या रेडिओस लागणारे बारीक सेल कळंबला काय, यवतमाळलाही मिळत नाहीत, तरी पाठवावेत.

बारीक सेल घ्यायचं मीच ठरवलं होतं, खोकं सडपातळ दिसावं म्हणून. खेड्यात टॉर्चचे जाड सेल मिळतात हे मला कोणी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं. साचा झालेला, आता इलाज नाही. मागच्या कार्डात मुलगी चालू लागल्याचं लिहिलं होतं. सेलांचं पुडकं मी दर महिन्याला टपालात टाकतो. अजून टाकतोच आहे.